ढगातला गेटपास

कुशाबाईंच्या वाढदिवसाचा केक कापला गेला लोणी देवकरच्या कारखान्यात, पण त्याचा घास अडकला बारामतीच्या ऑफिसात, युवराजच्या घशात.

कुशाबाई म्हणजे माणिकदाणा फूड्सच्या पॅकिंग खात्याच्या मुकादम. डाळिंबं सोलायची, दाणे धुवायचे, डब्यांत भरायचे आणि परदेशी पाठवायचे, हा माणिकदाणाचा धंदा. पॅकिंगच्या बायकांनी वर्गणी काढून केक आणला आणि उजेड चांगला पडतो म्हणून टेबल नेमकं मोठ्या फळ्यासमोर ओढलं. फळ्यावर दाणे धुवायच्या पाण्यात काय किती टाकायचं त्याचं प्रमाण, पुढचा कंटेनर कुठं जाणार आणि काय भावानं जाणार, हे सगळं खडूनं लिहिलेलं. तेही कुशाबाईंच्याच हातचं, म्हणजे रस्त्यावरून वाचता येईल असं टपोरं. रेश्मा नावाच्या मुलीनं फोटो काढला, स्टेटसला ठेवला, फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या लाडक्या कुशाताई'. आठवडाभरात माणिकदाणाच्या परदेशी गिऱ्हाइकाला कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याचं पत्र गेलं. तसेच दाणे, तसंच पाणी, भाव मात्र जरा कमी.

गिऱ्हाईक सज्जन होतं. त्यानं माल बंद केला नाही, पण युवराजला कळवलं, की तुमच्या कामगारांच्या हातातले फोन आधी आवरा. पावसाळा संपता संपता आमचा माणूस तपासणीला येईल. त्याचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर पॅकिंगचं काम आम्ही दुसरीकडे देऊ. पॅकिंगचं काम गेलं असतं तर आसपासच्या गावांतल्या साठेक बायका घरी बसल्या असत्या, आणि पहिल्या घरी बसल्या असत्या त्या केक कापणाऱ्या कुशाबाई.

युवराज हा मालकांचा मुलगा. वडिलांनी कारखाना उभा केला आणि युवराजनं त्यात एसी बसवला, असं जुने कामगार म्हणत. त्यानं नारायणराव रत्नपारखींना बोलावून घेतलं.

"काका, आजपासून तुम्ही आपले माहिती सुरक्षा अधिकारी."

"म्हणजे मी करायचं काय?"

"आजवर जे केलंत तेच. बाहेर काही जाऊ द्यायचं नाही."

युवराज हे बोलण्याच्या ओघात बोलून गेला. पण नारायणरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट ओघात घेतलेली नव्हती. आजवर जे केलं ते म्हणजे गेटपास. कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून फाटकाशेजारच्या खिडकीत ते बसत आणि त्यांच्या सहीशिवाय सुतळीचा तोडासुद्धा बाहेर जात नसे. पासाच्या तीन प्रती: पांढरी नेणाऱ्याला, गुलाबी फाटकावर, पिवळी बुकात. खाली दोन चौकोन. एक 'परत येणार', दुसरा 'परत न येणार'. मोटार दुरुस्तीला चालली तर पहिल्यात खूण करायची आणि परतीची तारीख टाकायची. डाळिंबाची सालं चालली तर दुसऱ्यात. एकदा खुद्द थोरले मालक सासुरवाडीला डाळिंबांची पेटी घेऊन निघाले, तेव्हा नारायणरावांनी त्यांनाही अडवून पास मागितला होता. मालक मुकाट्यानं मागं गेले आणि पास घेऊन आले. ही गोष्ट नारायणराव इतक्या वेळा सांगत, की हल्ली त्यांनी "एकदा काय झालं" म्हटलं की समोरचा "डाळिंबाची पेटी ना?" असं विचारी.

आणि खरं सांगायचं तर गेटपास हे निमित्त होतं. त्या काळात हजेरीची सही खिडकीत व्हायची. सही करता करता माणूस दोन वाक्यं बोलायचा, आणि त्या दोन वाक्यांत इंदापूर तालुक्याची खबरबात नारायणरावांना मिळायची. कुणाच्या बागेला तेल्या रोग लागला, कुणाच्या मुलीला बारामतीत ॲडमिशन मिळाली, कुणाचा भाऊ कुणाशी बोलेनासा झाला. रखवालदार गेणबाची म्हैस गाभण आहे हे गेणबाच्या बायकोच्या आधी त्यांना ठाऊक असे. पुढं अंगठ्याचं यंत्र आलं, मग चेहरा ओळखणारं यंत्र आलं. माणसं भिंतीवरच्या त्या डब्याला तोंड दाखवून आत जाऊ लागली, आणि डबा खिडकीच्या बरोबर समोर असल्यामुळे खिडकीकडे सगळ्यांची पाठ झाली. गेली काही वर्षं नारायणरावांनी माणसांच्या पाठीच पाहिल्या होत्या. दिवाळीनंतर ते निवृत्त व्हायचे होते, आणि आपण गेलो हे कुणाला कळेल तरी का, अशी शंका त्यांना अधूनमधून येई. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पुण्याहून दोन चुणचुणीत मुलं आली आणि त्यांनी सांगितलं, की तुमची सुरक्षा आता क्लाउडमध्ये राहील. म्हणजे ढगात. आता इंदापूर तालुक्यातल्या माणसाला ढगावर भरवसा ठेव म्हणून सांगायचं, हे धाडसाचंच काम. तिथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या ढग बघत आला आहे, आणि ते सगळे न थांबता पुढं जातात हेही बघत आला आहे. गेणबानं वर पाहिलं आणि तो म्हणाला, "सायेब, हितल्या ढगातनं थेंब पडत न्हाय, तुमची सुरक्षा कशी पडायची?" नारायणरावांनी त्याला गप्प बसवलं, पण रात्रीच्या जेवणापर्यंत तो प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

एकूण योजना साधी होती. सगळ्यांच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप टाकायचं. कारखान्याच्या वायफायवरून जो फोटो, जी फाइल बाहेर जाईल ती त्या ॲपच्या नजरेखालून जाईल. लोणी देवकरच्या त्या जाड भिंतींच्या शेडमध्ये रेंज येत नाही आणि वायफाय फुकट, त्यामुळे अख्खा कारखाना वायफायवरच होता. ॲपला तीन आज्ञा देता येत: जाऊ दे, अडव, किंवा अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबव. "तिसरी अगदी क्वचित वापरा हं सर," मुलं म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

कोणती आज्ञा कशाला द्यायची, यावर नारायणरावांनी जळोचीत घरी जाऊन विचारविनिमय केला. म्हणजे ते ओट्यावर येऊन बसले आणि शेजारचे दत्तोबा आपोआप आले. दत्तोबांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात कालव्यावर काढलेली. जगातला कुठलाही प्रश्न त्यांना शेवटी पाण्याचाच वाटे.

"नारायणराव, ह्यात अवघड काय हाय? आदी समदी दारं बंद करायची. मग जो मागंल त्याला मोजून सोडायचं. दारं उघडी ठिवून पानी आवरतं व्हय कुणाला?"

"पण दत्तोबा, मग मागणारे फार येतील."

"येऊ द्या की. आमच्या दारात रांग लागायची. मान असतो त्यात."

मान हा शब्द नारायणरावांच्या बरोबर वर्मी बसला.

आतून अनसूयाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अहो, पण त्या फळ्यावर एक पडदा का नाही लावत? काम झालं की ओढून घ्यायचा."

नारायणरावांनी बायकोकडे करुणेनं पाहिलं. परदेशी गिऱ्हाईक, पुण्याची मुलं, आकाशातली यंत्रणा, आणि ही पडदा म्हणते. दत्तोबाही हसले. अनसूयाबाई चहा ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या पोपटांची जुनी चादर धुऊन, वरती नाडी ओवून, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडे कुशाबाईंसाठी परस्पर देऊन टाकली. कुशाबाईंनी ती त्याच दिवशी फळ्यावर लावली. नारायणरावांनी पोपट पाहिले आणि स्वयंपाकघर कुठवर पोचतं बघा, एवढं मनात म्हणून सोडून दिलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर बसून फोटो, फाइल, व्हिडिओ, सगळ्यांसमोर तिसरी आज्ञा टाकली. अपवाद एकच, त्यांचा स्वतःचा फोन. फाटकावरच्या माणसाची झडती कधी कुणी घेत असतं का? शिवाय कामगारांचा 'माणिकदाणा परिवार' हा व्हॉट्सॲपवरचा गट बंद करून सगळ्यांना नव्या ॲपवर यायला लावलं, आणि लिंबाखाली सभा घेऊन नियम वाचून दाखवला, की कारखान्याच्या आवारातला कोणताही फोटो परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये.

"मग टाकायचा कुटं?" कुशाबाईंनी विचारलं. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

पहिल्या सकाळी नारायणरावांचा फोन थरथरायला लागला आणि टेबलावरून सरकत सरकत खाली पडला. एकशेचाळीस माणसांच्या शुभ सकाळ मंजुरीसाठी थांबल्या होत्या. गुलाब, कमळ, उगवता सूर्य, वाफाळता चहा. नारायणरावांनी चष्मा पुसला आणि एकेक तपासायला घेतला. गुलाबाच्या मागं काही लिहिलेलं नाही ना, सूर्याच्या आड कंटेनरचा नंबर नाही ना. कसलंच गुपित आढळलं नाही. मंजूर, मंजूर, मंजूर. शेवटची शुभ सकाळ सुटली तेव्हा लोक दुपारचा डबा खात होते.

दुसऱ्या दिवशी कुशाबाईंनी नवा गट काढला, 'माणिकदाणा परिवार (खरा)'. त्यात नारायणरावांना घेतलं नव्हतं. हे त्यांना कळायचं कारण असं, की त्या गटात टाकलेले फोटोसुद्धा वायफायवरून जात आणि मंजुरीसाठी त्यांच्याकडेच येऊन थांबत. त्यात एके दिवशी त्यांचा स्वतःचा फोटो आला. खिडकीत बसलेले नारायणराव, डोक्यावर कुणीतरी काढलेला काळा ढग, आणि खाली ओळ, 'सायबाला ढग लागलाय'. नारायणराव त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले. मनाला लागलं. पण नियमानं बघायला गेलं तर त्यात कंपनीचं कोणतंही गुपित नव्हतं. मंजूर.

खरा घोळ झाला रेश्माच्या बाबतीत. तिचं कळंबच्या दिग्विजय नावाच्या मुलाशी जमत आलं होतं. मुलाच्या वडिलांनी फोटो आणि माहितीचा कागद मागवला आणि रेश्मानं तो जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून पाठवला. नारायणरावांनी फाइल उघडली. नाव, उंची, शिक्षण, इथवर ठीक होतं. पुढं 'नोकरीचे ठिकाण: माणिकदाणा फूड्स' आणि त्याखाली पगार. पगार ही गोपनीय बाब. त्यांनी फाइलवर शेरा मारला, 'खुलासा मागवावा', आणि ॲपवरून रेश्माला तीन ओळींची सूचना धाडली. ती सूचना रेश्मानं काही उघडली नाही, कारण ॲपवरची सूचना कुणीच उघडत नसे. तिकडे कळंबला मुलाचे वडील वाट बघून बघून थांबले. मुलीकडच्यांच्या मनात नसावं म्हणाले, आणि त्यांनी दुसरीकडे बोलणी सुरू केली.

ही बातमी आली त्या सकाळी कुशाबाई खिडकीशी आल्या. कितीतरी दिवसांनी खिडकीत कुणाचा तरी चेहरा दिसला होता, पण नारायणरावांना त्याचा आनंद घेता आला नाही.

"सायेब, पोरीचा कागद अडकवलाय तुमी. आमी माल न्हाय पाठवत, पोरीचं लगीन जमवतोय."

"कुशाबाई, त्यात पगाराचा उल्लेख होता."

"मग? पगार न सांगता कोन करनार हाय तिला?"

नारायणरावांनी नियमावली चाळून पाहिली, त्यात लग्नाचं कलम नव्हतं. रेश्मा मागं उभी होती, मान खाली घालून. ती रडत असती तर एक वेळ बरं, ती नुसती उभी होती. नारायणरावांनी कॉम्प्युटर जवळ ओढला. त्यांनी कंपनीच्या छापील कागदावर पत्र टाइप केलं, त्यावर शिक्का मारला, आणि गेणबाच्या मोटारसायकलवर मागं बसून निमगाव केतकीवरून थेट कळंब गाठलं.

मुलाच्या वडिलांनी पत्र वाचून घेतलं. 'आपणांस धाडण्यात आलेली माहिती सुरक्षेच्या कारणास्तव रोखून धरण्यात आली होती. सदर माहिती आता मुक्त करण्यात येत आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग हळूच विचारलं, "सायेब, पोरीत काय सुरक्षेचा प्रश्न हाय का?"

"छे छे. मुलगी फार चांगली आहे."

"मग पोलीसबिलीस?"

"नाही हो. ढगात अडकली होती."

या वाक्यावर वडिलांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं. आतून एक म्हातारी डोकावून गेली. नारायणराव समजावू लागले, की क्लाउड म्हणजे काय, तीन आज्ञा कशा असतात, तिसरी का टाकली. त्यांच्या प्रत्येक वाक्यानं रेश्माचं लग्न थोडं थोडं लांब जात होतं. शेवटी गेणबाला राहवलं नाही. तो उंबऱ्यातून म्हणाला, "पाव्हनं, सरळ सांगतो. चूक आमच्या सायबाची हाय. पोरगी लाखात एक हाय. सायेब चुकीसाठी एवढ्या लांबनं मोटारसायकलवर आलाय, कंबर धरली हाय त्यांची, बगा जरा."

मुलाचे वडील नारायणरावांच्या कंबरेकडे बघून हसले, आणि चहा आला. चहा आला म्हणजे जमलं. परतताना नारायणरावांना आपला अपमान झाला की सन्मान, हे ठरवता आलं नाही. पण दोन्ही बाजूंच्या उसाच्या फडांमधून गार वारा येत होता, आणि कित्येक वर्षांत कुणाच्या घरच्या कार्यात आपला हात लागला नव्हता, हे त्यांना आठवलं.

इथून काहीतरी बदललं. नारायणराव अजूनही प्रत्येक फोटो तपासत, पण आता ते निव्वळ तपासत नसत, बघत असत. गेणबाच्या म्हशीला रेडकू झालं, ओलं, कान पडलेलं. कुणाच्या बागेत पहिली डाळिंबं लाल झाली. कुणी नवी स्कूटर घेतली आणि हार घालून तिच्यापुढं नारळ फोडला. कळंबला रेश्माचा साखरपुडा झाला. कुशाबाईंची चिमुकली नात पॅकिंगच्या उपड्या क्रेटवर बसून दाणे खाताना, गालाला रस लागलेला. पूर्वी खिडकीत जे दोन वाक्यांत यायचं ते आता दिवसभर हातात येत होतं. पुन्हा एकदा तालुक्याची खबर आधी नारायणरावांना कळू लागली. कुणाचा फोटो सुटायला उशीर झाला की लोक खिडकीशी येऊन सांगत, "सायेब, तेवढं सोडा की." आणि सोडता सोडता नारायणराव विचारत, "रेडकू दूध पितंय का?"

असा आनंद माणसाला एकट्याला पेलत नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यातले चांगले चांगले फोटो ते अनसूयाबाईंना पाठवू लागले. 'बघ, काय गोड आहे.' अनसूयाबाईंनाही ते गोड वाटत, आणि त्या ते आपल्या भिशीच्या गटात टाकत. भिशीतून ते कुठं कुठं जात हे भिशीतल्या बायकांनाच ठाऊक. जळोचीत गेणबाच्या रेडकाचं नाव काय ठेवावं यावर चर्चा होऊन 'माणिक' हे नाव बहुमतानं ठरलं.

पावसाळा संपला आणि तपासणीची माणसं आली. माणसं म्हणजे एकच, निकिता नावाची तरुण मुलगी. बोलायला मऊ, नजरेला कडक. ती नारायणरावांच्याच खोलीत लॅपटॉप उघडून बसली. युवराज मागं येरझाऱ्या घालत होता. पॅकिंगच्या बायका कामात होत्या, पण त्या दिवशी दाणे नेहमीपेक्षा हळू निवडले जात होते. सगळ्यांचे कान त्या खोलीकडे.

"सर, फार कडक ठेवलंय तुम्ही," निकिता म्हणाली. "मंजुरीशिवाय एकही फोटो बाहेर नाही. असं मी कुठंच बघितलं नाही."

नारायणरावांची छाती फुगली. डाळिंबाच्या पेटीची गोष्ट त्यांच्या अगदी ओठावर आली.

"फक्त एक अडचण आहे. एक फोन आहे, ज्यातून रोज दुपारी कारखान्यातले फोटो बाहेर जातात. कुठल्याही तपासणीशिवाय. आणि सगळे एकाच नंबरवर."

नारायणराव खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा चोर सापडत होता. "नंबर सांगा तुम्ही. आत्ता धरतो त्याला."

ज्या नंबरवर फोटो जात होते तो निकिता वाचू लागली. पहिले आकडे ओळखीचे वाटले. मधले जास्त ओळखीचे वाटले. शेवटच्या दोन आकड्यांपाशी नारायणराव खाली बसले. तो नंबर त्यांनीच दुकानात जाऊन, लक्षात राहायला सोपा म्हणून निवडून घेतला होता.

"कुणाचा आहे?" युवराजनं विचारलं.

"अनसूयाचा," नारायणराव म्हणाले. मग आवाज आणखी उतरला. "माझ्या बायकोचा."

"त्या कंपनीत काय करतात?" निकितानं विचारलं.

"त्या कंपनीत नाहीत. घरी असतात. त्यांना रेडकू आवडलं होतं."

युवराजच्या येरझाऱ्या थांबल्या. खिडकीबाहेर गेणबा उभा होता, त्यानं टोपी काढून हातात घेतली. नारायणरावांना एकच दिसत होतं. साठ बायकांचं काम, आणि ते घालवलं कुणी? ज्यानं मालकाला पासाविना सोडलं नाही त्यानं. ते उठून उभे राहिले. "मॅडम, चूक माझी आहे. माझ्या एकट्याची. मी आजच राजीनामा देतो. पण या बायकांचं काम जाऊ देऊ नका. त्यांनी एकूण एक नियम पाळलाय. त्यांची शुभ सकाळसुद्धा मी तपासलेली आहे."

"सर, बसा," निकिता म्हणाली. "आधी काय गेलंय ते तर बघू."

ती एकेक फोटो उघडू लागली. रेडकू. स्कूटर. साखरपुडा. मग पॅकिंगमधले: डबा खाणाऱ्या बायका, क्रेटवरची नात, हळदीकुंकू. निकिता प्रत्येक फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"सर, मूळ तक्रार फळ्याची होती ना? फळा याच भिंतीवर आहे?"

"हो."

"मग सगळीकडे हे पोपट कसले?"

नारायणरावांनी वाकून पाहिलं. प्रत्येक फोटोत, जिथं प्रमाण, कंटेनर आणि भाव असायला हवा, तिथं हिरवे पोपट बसले होते. ओळीनं, चोचीत पेरू धरून. कुशाबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "वहिनींची चादर हाय ती. लिवून झालं की आमी ओढून घेतो. त्या म्हनल्यात तसं."

निकिता पहिल्यांदा हसली. मग तिनं अहवाल लिहिला, आणि जसा होता तसा वाचून दाखवला. गुपित काही गेलेलं नाही. फळ्यावर पडद्याची व्यवस्था उत्तम, ती कायम ठेवावी. काम माणिकदाणाकडेच राहावं. मात्र फोटो काढायचा तर बाहेर लिंबाखाली, शेडमध्ये नाही. तपासणीतून कुणाचाही फोन वगळायचा नाही, मग तो अधिकारी का असेना. आणि प्रत्येक फोटो एका माणसाच्या मंजुरीसाठी थांबवण्याची पद्धत आजपासून बंद. कंपनीचे कागद यंत्रानं अडवावेत, माणसांचे फोटो माणसांना पाठवू द्यावेत.

बाहेर बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. युवराजनं काकांचा राजीनामा ऐकलाच नव्हता असं दाखवलं. घरी नारायणरावांनी अनसूयाबाईंना सगळी हकीकत सांगितली, पोपटांसकट. दत्तोबा ओट्यावर होतेच. ते म्हणाले, "मी म्हनलंच हुतं, आदी झाकून घ्या." अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांच्या चहात साखर जरा कमी टाकली.

दुसऱ्या दिवशी नारायणरावांचा फोन टेबलावर निपचित पडून होता. शुभ सकाळ आपापल्या घरी परस्पर पोचत होत्या. नारायणरावांना वाईट वाटलं, आणि एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय याचंही वाईट वाटलं. रेडकू केवढं झालं असेल, रेश्माची तारीख धरली का, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी उगाच टाचण्या रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या.

दुपारी खिडकीवर टकटक झाली. रेश्मा होती. तिनं फोन आत धरला. पत्रिकेचा नमुना होता. "सायेब, सोडू का?"

"अगं, आता माझी परवानगी लागत नाही."

"ठावं हाय. तरी बगा की."

त्यांनी चष्मा पुसला आणि पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग गेणबा आला, रेडकू घेऊन, म्हणजे फोनमधलं. मग पाळी भरताना आणि सुटताना हे रोजचंच सुरू झालं. माणसं आधी भिंतीवरच्या डब्याला तोंड दाखवत आणि मग वळून खिडकीशी येत. नारायणराव एकेक फोटो बघत आणि गंभीरपणे म्हणत, "मंजूर."

असे ते दिवस दिवाळीपर्यंत गेले, आणि दिवाळी कुणासाठी थांबत नाही. दिवाळी सरली. शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, युवराजचं भाषण झालं, त्यात डाळिंबाची पेटी आली. संध्याकाळी नारायणरावांनी आपलं सामान पिशवीत भरलं. पितळी तांब्या, खुर्चीची उशी, छत्री. ते फाटकाशी आले आणि गेणबा आडवा झाला.

"सायेब, पास?"

नारायणरावांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांची शिकवण फुकट गेली नव्हती. पण लगेच दुसरी अडचण दिसली. स्वतःच्या सामानाच्या पासावर स्वतः सही करायची नाही, हा नियम त्यांचाच होता.

"आता सही कोण करणार, गेणबा?"

गेणबानं खिशातून गुलाबी प्रत काढली. आधीच भरलेली होती, कुशाबाईंच्या टपोऱ्या अक्षरात. 'तांब्या एक. उशी एक. छत्री एक. साहेब एक.' खाली पॅकिंगमधल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे, इतके की जागा पुरली नव्हती. दोन चौकोनांपैकी 'परत येणार' वर ठसठशीत खूण होती.

त्या सगळ्या मागं लिंबाखाली उभ्या होत्या. नारायणरावांनी पास डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ त्यांना काही वाचता येईना. मग जुनी खोड वर आली आणि ते चूक शोधू लागले. एक सापडली.

"कुशाबाई, परतीची तारीख राहिलीय. तारखेशिवाय पास चालत नाही."

"उद्याची टाका," कुशाबाई म्हणाल्या. "नातीचा वाढदिस हाय. केक कापनार हाय, हितंच, लिंबाखाली. वहिनींना बी आना."

नारायणरावांनी खिशातलं पेन काढलं, पास गेणबाच्या पाठीवर ठेवला आणि उद्याची तारीख स्वतःच्या हातानं लिहिली. मग गेणबानं फाटक उघडलं.